पोहायचा कॉस्च्यूम चार महिन्यांत सैल, लेकीच्या कॉस्च्यूमवर नारिंगी डाग

डिचोलीकरीण

मंडळी, हा प्रश्न 'आरोग्य'मध्ये टाकावा की 'घरसंसार'मध्ये ते कळेना. शेवटी इथे टाकतेय, हलवायचा तर हलवा.

दिवाळीनंतर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी पोहायला शिकले. आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाच्या बॅचला म्हापशाला जाते. तेव्हा घेतलेला गुडघ्यापर्यंतचा काळा कॉस्च्यूम आता असा झालाय की मी पाण्यात वळले तरी तो आधीच्याच दिशेला बघत असतो. बसायच्या जागी कापड इतकं विरलंय की उजेडासमोर धरलं तर खिडकीचे गज मोजता येतात. मांडीपाशी ओढलं की आतून कुरकुर आवाज येतो, दुसऱ्या खोलीत कुणी पापड मोडावा तसा. अठराशे रुपयांचा होता हो.

दुसरं प्रकरण लेकीचं. ती नऊ वर्षांची आहे आणि तलावात उतरत नाही. रविवारी आम्ही मोरजीला समुद्रावर जातो, तेवढंच तिचं पोहणं. तिच्या पांढऱ्या कॉस्च्यूमवर निळे मासे आहेत, आणि आता त्या माशांच्या आजूबाजूला नारिंगी डाग. अगदी गंजासारखे. धुतल्यावर जातील म्हणून धुतला, तर गडद झाले. परत धुतला, अजून गडद. मग ब्लीचमध्ये टाकला. पुढचं लिहवत नाही.

सासूबाई म्हणतात खारं पाणी बाधलं. मला वाटतं तांबडी माती असावी. नवरा म्हणतो आंबाड्याचं लोणचं खाल्लं असेल तिने. तुम्ही काय म्हणता?

बोरीपूल

आमच्या नावात पूल आहे, पण आम्ही नदीवरचे, तुमच्या क्लोरीनवाल्या पुलाशी आमचा संबंध नाही. तरी सल्ला देतो. मी १९८९ पासून एकाच सुती बर्म्युड्यावर झुवारीत पोहतोय. सैल झाला की नाडी बांधायची. कॉस्च्यूम, लायक्रा हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले.

मांडवीकाठ

बोरीपूल, तो बर्म्युडा घालून तलावावर या, गेटवरूनच परत पाठवतील, आणि त्याला कारण आहे. सूत पाणी धरून बसतं, त्याचे तंतू सुटून फिल्टरमध्ये जातात, रंग सुटतो तो वेगळाच. नदीला फिल्टर नाही म्हणून तुमचं खपतंय.

डिचोलीकरीण ताई, मी कांपालला बरीच वर्षं मुलांना पोहणं शिकवलंय, त्यामुळे विरलेले कॉस्च्यूम पोत्याने पाहिलेत. आधी आतल्या शिवणीजवळचं लेबल वाचा. बहुतेक नायलॉन ८० टक्के आणि इलॅस्टेन २० टक्के, किंवा त्याच्या आसपास काहीतरी असेल. इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स, लायक्रा हा एकच धागा, लायक्रा हे त्याच्या ब्रँडचं नाव. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तो तयार केला. आपल्या लांबीच्या पाचपट ताणला तरी सोडल्यावर जागेवर येतो. कॉस्च्यूम अंगाला धरून राहतो तो या धाग्याच्या जिवावर, नायलॉन नुसतं वरचं पांघरूण.

क्लोरीन नेमकं या इलॅस्टेनला खातं. तुम्हाला तो पापडाचा आवाज येतोय ना, ते आतले लवचीक धागे कडक होऊन तुटताहेत. एकदा तो आवाज यायला लागला की कुठलाच उपाय नाही. पण चार महिन्यांत हे होणं लवकर वाटतं. माझा अनुभव असा की कॉस्च्यूम पाण्यात जेवढा मरतो त्याच्यापेक्षा जास्त पाण्याबाहेर मरतो. तेव्हा एक करा. तलावातून बाहेर आल्यापासून दुसऱ्या दिवशी परत घालेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते इथे लिहा. काही लपवू नका.

डिचोलीकरीण

लिहिते. सात वाजता बाहेर येते. शॉवर घेते, कपडे बदलते, कॉस्च्यूम पिळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, पिशवी अॅक्टिव्हाच्या डिकीत. तिथून थेट ऑफिस. स्कूटर बाहेर उन्हात उभी असते, शेड साहेबांच्या गाड्यांना आहे. साडेपाचला सुटते. घरी आल्यावर पिशवी उघडते (वास येतो), पावडर घातलेल्या बादलीत रात्रभर भिजत टाकते. सकाळी कामाला येणारी बाई बाकीच्या कपड्यांबरोबर तोही दगडावर आपटते. मग गच्चीवर तारेला, खांद्याच्या पट्ट्यांना चिमटे लावून, कडक उन्हात, म्हणजे जंतू मरतात.

लिहिताना माझंच मला कळलं. तरी बोला.

मांडवीकाठ

बोलायला काही शिल्लक ठेवलं नाहीत तुम्ही.

काणकोणची लाट

बापरे. मार्चच्या उन्हात डिकीत हात घालून बघा एकदा. माझ्या डिकीत मध्यंतरी चॉकलेट राहिलं होतं, ते कागदासकट चाटून खायची वेळ आली. त्यात ओलं कापड, अंगात मुरलेलं क्लोरीन, आणि पिशवीला गाठ. दहा तास!

पाळोळ्याला आमचं छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. न्हाणीबाहेर मी एक आडवी काठी बांधलीय आणि खाली गोड्या पाण्याची बादली ठेवते. पाहुण्यांना एकच नियम, कॉस्च्यूम आधी बादलीत, मग काठीवर, खोलीत न्यायचा नाही. सुरुवातीला गादी ओली होऊ नये म्हणून केलं होतं. मग लक्षात आलं की जे महिनाभर राहतात त्यांचे कॉस्च्यूम जाताना आले तसेच असतात. गोड्या पाण्यातून लगेच काढणं, बास. साबण नसला तरी चालतो पण पाणी लगेच हवं.

समुद्रात क्लोरीन नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मीठ वाळलं की त्याचे खडे होतात आणि कापड हललं की ते धाग्याला घासतात. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढतं. समुद्रावरून आणून न धुता वाळत घातलेला कॉस्च्यूम दुसऱ्या दिवशीही दमटच लागतो. लोकांना वाटतं हवाच तशी आहे.

शिवणटिपण

मी फोंड्याला शिवणकाम करते. नाचाच्या मुलींचे स्ट्रेचचे कपडे माझ्याकडे येतात, म्हणून दोन शब्द.

ताई, बसायच्या जागी विरलंय म्हणालात. तलावाच्या काठावर बसून पाय हलवायचे व्यायाम करता ना? काठाच्या खरखरीत फरशीवर घासत बसलं की आधी कापडाला गोळे येतात, मग ते पातळ होतं. गावात चिऱ्याच्या पायरीवर ओल्या कॉस्च्यूमने बसणारी मुलं तर एका सुट्टीत बूड फाडून आणतात. काठावर बसताना खाली टॉवेल घ्या.

आणि पिळू नका. नाचाचे कपडे शिवायला देताना मी प्रत्येकीला हेच सांगते आणि प्रत्येकजण पिळतेच. पंचा जमिनीवर पसरायचा, त्यावर कॉस्च्यूम सपाट ठेवायचा, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची पोळीच्या रोलसारखी, आणि तिच्यावर हाताने दाबत जायचं. पंचा उलगडला की कॉस्च्यूम निम्मा वाळलेला. मग तो काठीवर मधोमध आडवा टाकायचा. पट्ट्यांना चिमटे लावलेत की खालचं सगळं पाण्याचं वजन त्या दोन पट्ट्यांवर येतं.

फक्त मांडीचं किंवा पट्टीचं इलॅस्टिक गेलं असेल आणि कापड चांगलं असेल तर टाकून देऊ नका. इलॅस्टिक बदलून मिळतं. शिंप्याला विचारा की स्ट्रेचची गोल टोकाची सुई आहे का आणि झिगझॅग टीप मारणार का. साध्या सुईने सरळ टीप मारली तर पहिल्यांदा घालतानाच तटतट तुटेल. पण कापडच विरलं असेल तर तुमचे पैसे नि माझा वेळ, दोन्ही वाया.

जुना स्टुडिओ

माझा फोटो स्टुडिओ होता, डिजिटल आल्यावर बंद केला. आता रोज सकाळी पोहतो. एक गंमत सांगतो.

फिल्म धुताना आम्ही हायपो वापरायचो. खडीसाखरेसारखे पांढरे खडे, पोत्याने यायचे. रासायनिक नाव सोडियम थायोसल्फेट. तलावावर जायला लागलो तेव्हा अंगाला, चड्डीला तो क्लोरीनचा वास दिवसभर राहायचा. तेव्हा आठवलं की हाच हायपो क्लोरीन मारतो. माडीवर जुना डबा होता. अर्धी बादली पाणी, त्यात चिमूटभर हायपो, पोहून आल्यावर पाच मिनिटं चड्डी त्यात बुडवायची, मग साध्या पाण्यातून काढायची. वास गेला! माझी आत्ताची चड्डी दोन वर्षांची आहे आणि अजून नाडीची गरज पडलेली नाही (बोरीपूल, वाचताय ना).

हायपोचे खडे आता फोटोवाल्यांकडे मिळणार नाहीत. शोभेचे मासे विकणाऱ्यांकडे जा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मरू नयेत म्हणून ते जे अँटिक्लोर विकतात ते बहुतेक हेच असतं.

बोरीपूल

वाचतोय. आमच्याकडे बायको नातवाच्या कॉस्च्यूमला विनेगर लावते. कुठेतरी वाचलं की विनेगरने रंग पक्का होतो. घरात माडाचं विनेगर होतं, तेच ओतलं. पोरगा तलावात उतरला तर सर म्हणाले, डुकराच्या मटणाचं आंबट सोरपोतेल कोण घेऊन आलंय?

रसायनशाळा

साखळीला उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. बोरीपूल, आजीबाईंना सांगा, रंग पक्का वगैरे काही होत नाही. हल्लीच्या कॉस्च्यूमचा रंग कारखान्यातच बसतो, तो स्वयंपाकघरात पक्का करता येत नाही. वास काढायला अधूनमधून बादलीत दोन चमचे पांढरं विनेगर चालेल, माडाचं नको, त्याला स्वतःचा रंग असतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा बरा.

जुना स्टुडिओ काकांचा हायपो अगदी बरोबर आहे. फक्त एक. हायपोच्या पाण्यात लिंबू किंवा विनेगर घालू नका. आम्लात हायपो फुटतो, पाणी दुधासारखं पांढरं होतं, तो गंधक असतो, आणि नाकाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या म्हणजे जास्त चांगलं होतं असं नसतं, हे मी वर्षानुवर्षं बारावीला सांगतेय.

आता डिचोलीकरीण, मला तुमच्या काळ्या कॉस्च्यूमपेक्षा त्या नारिंगी डागांत रस आहे. तीन प्रश्न. डाग नेमके कुठे आहेत? समुद्रावरून येताना दिसतात की घरी धुतल्यावर? आणि धुता कुठल्या पाण्याने?

डिचोलीकरीण

आत्ता उठून बघून आले. गळ्याभोवती, काखेजवळ, पाठीवरच्या कापाच्या कडेने. पोटावर आणि खाली बुडावर जवळजवळ नाहीतच. मोरजीहून निघताना काही नव्हतं, हे नक्की, मी तिचे फोटो काढलेत. घरी धुतल्यावर दिसले. पाणी आमच्या विहिरीचं, पंपाने टाकीत चढवतो. नळाचंही येतं, ते पिण्याला.

रसायनशाळा

वाटलंच. माती असती तर बुडावर आधी असती, मुलं वाळूत बसतात, गळ्यावर बसत नाहीत. हळदही नव्हे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि उन्हात ठेवला की फिका पडतो. खारं पाणी तर सगळीकडे सारखंच लागलं.

गळा, काख, पाठीच्या कापाची कड. तुम्ही तिला सनस्क्रीन चोपडता त्याच जागा ना या?

बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अॅव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. बाटलीवर तो त्याच नावाने नसेल तर ब्यूटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन असं लांबलचक लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. तो ऊन अडवायला चांगला आहे. पण त्याची लोहाशी गाठ पडली की नारिंगी रंगाचं संयुग होतं. कापडावर तो तेलकट थर बसलेला असतोच, फक्त दिसत नाही. त्यावर लोह असलेलं पाणी पडलं की डाग उमटतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सनस्क्रीनने कोरा कागद ठेवला, आणि अक्षरं तुमच्या विहिरीने लिहिली.

डिचोलीच्या जमिनीखाली लोहखनिज आहे हे मी तुम्हाला काय सांगू, उभा तालुका त्याच्यावर जगला. जांभ्याचा तांबडा रंगही लोहाचाच. विहिरीचं पाणी काढल्या काढल्या नितळ दिसतं कारण लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की ते तांबूस होऊन खाली बसतं. पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवून सकाळी तळ बघा.

म्हणून प्रत्येक धुण्याला डाग गडद झाला. तुम्ही दर वेळी नवं लोह घालत होतात. आणि ब्लीचने हे डाग जात नाहीत, पक्के होतात. वर नायलॉन आणि इलॅस्टेन दोन्ही ब्लीचने पिवळे पडतात ते निराळं.

डिचोलीकरीण

मी गार पडलेय. सनस्क्रीनची बाटली आणली. ते ब्यूटाइल का काय ते आहे, मागच्या बाजूला, वाचायला चष्मा आणि टॉर्च दोन्ही लागलं. आणि आमच्या न्हाणीतली बादली तळाला वर्षानुवर्षं पिवळीच आहे, मी ती कामवाल्या बाईच्या आळसाच्या खात्यात टाकली होती. तिची मनातल्या मनात माफी मागितली.

आता डाग निघतील का?

रसायनशाळा

बरेचसे. आधी तेल काढायचं, मग लोह. क्रम उलटा केलात तर लिंबाचा रस तेलावरून घसरून जाईल.

नळाचं पाणी घ्या, विहिरीचं अजिबात नको. डागांवर भांडी घासायचा लिक्विड साबण थेंबभर लावून बोटांनी हलकेच चोळा, दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने काढा. ब्लीचमध्ये बुडवला होतात म्हणून मुद्दाम सांगते, आधी दोन-तीन पाण्यांतून नीट खंगाळा. ब्लीच शिल्लक असताना आम्ल पडलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत तो खेळ नको. मग डागावर लिंबू पिळा, वर बारीक मीठ, अर्धा तास सावलीत. खंगाळा. राहिला तर परत. निळे मासे आहेत म्हणून आधी आतल्या शिवणीवर करून बघा, रंग जात नाही ना.

बाजारात गंजाचे डाग काढायची औषधं मिळतात, त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असतं. ती लिंबापेक्षा जोरदार असतात, पण विषारी आहेत, हातमोजे घालून, मुलांपासून लांब. लिंबाने भागत असेल तर तिकडे जाऊ नका.

काणकोणची लाट

माझ्याकडच्या एका पाहुणीच्या क्रीम रंगाच्या कॉस्च्यूमचं असंच झालं होतं आणि तिने माझ्या टॉवेलांना दोष देऊन तसं लिहूनही ठेवलं होतं! आमच्याकडेही विहीरच आहे. आता त्या बादलीत मी नळाचं पाणी ठेवणार.

पुढच्या वेळेसाठी : सनस्क्रीन लावून लगेच कॉस्च्यूम चढवू नका. उघड्या अंगाला लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग कपडे. आणि लहान मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, म्हणजे चोपडायला जागाच कमी उरते. झिंक ऑक्साइडचं पांढरं सनस्क्रीन मिळतं, त्याने असे नारिंगी डाग पडत नाहीत, फक्त काळ्या कापडावर पांढरे ओघळ दिसतात, ते साबणाने जातात.

मांडवीकाठ

डाग मार्गी लागले, आता काळ्याकडे येऊ. तो गेलाय, त्याला फुलं वाहा. नवा घेताना चारदा जाणाऱ्या माणसाने पॉलिएस्टर आणि पीबीटी असं लेबल शोधावं. पीबीटी हेही एक प्रकारचं पॉलिएस्टरच, स्वतःच थोडं ताणणारं, त्यामुळे इलॅस्टेन घालावंच लागत नाही आणि क्लोरीनला खायला काही उरत नाही. पहिले आठ दिवस कडक वाटेल, लायक्रासारखा मऊ नाही. सरावाची मुलं हेच घालतात. शर्यतीचा अंगाला चिकटणारा कॉस्च्यूम त्यांचे पालक हौसेने रोज घालायला लावतात, तो सहा महिन्यांत ढिला होतो आणि मग मला विचारतात, सर, वेळ का वाढली?

उतरण्याआधी शॉवरखाली उभं राहून कॉस्च्यूम नळाच्या पाण्याने पुरता भिजवा. हा फुकटचा उपाय कुणी करत नाही. कोरडं कापड पहिलं पाणी घटाघटा पितं, ते तलावाचं असण्यापेक्षा नळाचं असू द्या. शॉवरने अंगाचा घामही जातो. तलावाला जो 'क्लोरीनचा' वास येतो तो बराचसा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. क्लोरीन कमी करा म्हणून तलाववाल्यांशी भांडणारे लोक बघतो तेव्हा हसू येतं, ते नसेल तर त्या पाण्यात काय काय वाढेल!

बाहेर आलात की त्याच शॉवरखाली अंगावरचा कॉस्च्यूम पुन्हा धुवा. घरी जाऊन नाही, तिथेच. दोन कॉस्च्यूम आलटून पालटून वापरा, इलॅस्टेनला पूर्ववत व्हायला दिवसभर लागतो. बादलीत रात्रभर भिजत नको, गरम पाणी नको, कपड्यांना वास यायचं कंडिशनर नको, इस्त्री तर नकोच (हसू नका, एका बापाने केली होती). लोकरीला वापरतात तसला पातळ लिक्विड साबण किंवा बाळाचा शॅम्पू, दोन मिनिटं हाताने दाबून, झालं.

आणि डोक्याला खोबरेल थापून येणाऱ्यांनो, ते तेल ओघळून खांद्याच्या पट्ट्यांत जातं. पट्ट्या आधी का जातात याचं उत्तर तिथे आहे.

बोरीपूल

खोबरेल काढू नका. खोबरेलावर बोललात तर हा धागा पेटेल.

डिचोलीकरीण

आठ दिवसांनी परत आलेय. हिशेब देते.

रविवारी लिंबाचा प्रयोग केला. पहिल्या खेपेला डाग फिकट झाले, दुसऱ्या खेपेला गळ्याजवळचे गेले. लेक बाजूला बसून बघत होती, नारिंगी रंग लिंबाखाली उतरताना दिसतो हो! काखेजवळचा एक हट्टी आहे, तो तिसऱ्यांदा करीन. मात्र ब्लीचमुळे आलेली पिवळी झाक राहिलीच. ती आता तशीच राहणार असं दिसतंय. लेक म्हणाली मासे आहेत तर पाणी गढूळ असू दे.

काळा फेकला. पॉलिएस्टर-पीबीटी मागवला. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जाळीची पिशवी घेतली, पोहून झाल्यावर तिथेच धुऊन, पंच्यात गुंडाळून दाबून, जाळीच्या पिशवीत घालून ऑफिसात नेते आणि माझ्या खुर्चीमागच्या खिडकीच्या कडीला अडकवते. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं काय आहे ते. म्हटलं, पोहायचा कॉस्च्यूम. त्यानंतर ते त्या खिडकीकडे बघत नाहीत. हायपो मासेवाल्याकडे मिळाला.

आता पुढची काळजी. जून आला की काय करायचं? आमच्या घरात चवथीपर्यंत चादर वाळत नाही.

शिवणटिपण

पावसात दोन गोष्टी. समुद्र बंद असतो, त्यामुळे समुद्राचे कॉस्च्यूम मेअखेर नीट धुऊन, अगदी खडखडीत वाळवून, सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या खणात. प्लास्टिकमध्ये नाही, आत वाफ धरते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात, ते कापडात मुरले की निघत नाहीत. सोबत डांबराच्या गोळ्या टाकू नका, वास जाता जात नाही. मिरे नाहीतर लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवते मी.

रोज लागणारा मात्र वाऱ्याखालीच हवा. ऊन नसलं तरी चालतं, वारा पाहिजे. पंख्याखाली चार तासांत वाळतो, पातळ कापड आहे.

डिचोलीकरीण

पंखा एकच चांगला आहे, बाहेरच्या खोलीतला. आणि त्याच्याजवळ टांगायला जागा म्हणजे माटोळीची चौकट, चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती. वर्षभर ती तिथेच छताला असते.

बोरीपूल

आता हा धागा खराच पेटणार.

काणकोणची लाट

गणपतीच्या डोक्यावर कॉस्च्यूम? ताई, सांभाळून.

डिचोलीकरीण

गणपती तेव्हा नसतो ना तिथे, नुसती चौकट असते. तरी धीर होईना, म्हणून सासूबाईंनाच विचारलं. त्या बराच वेळ चौकटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझे सासरे तिथेच पावसात खाणीवरचे मोजे वाळत घालायचे. नागपंचमीला काढ म्हणजे झालं, आणि चौकट ओल्या फडक्याने पुसून घे. विहिरीच्या पाण्याने नको हं, नळाच्या.